आबांच्या फियाटचा काटा परत हलला

आबांच्या गाडीचं बंद पडलेलं मीटर जिथे दुरुस्त झालं त्या दुकानाला नाव नाही हे आधीच सांगते, शोधत बसू नका. धुळ्यात पारोळा रोडला, टायर रिमोल्डिंगवाल्याच्या शेजारी निळं शटर आहे. त्यावर हाताने रंगवलंय 'ऑटो इलेक्ट्रिक', आणि खाली त्याहून मोठ्या अक्षरांत 'उधार बंद'. आत बापू बसतात. चाळीसगावहून मी तिथे तीन खेपा घातल्या आणि तिसरीला आमचं काम झालं.

गाडी आबांची, 1982 ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट. 1089 सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगला. पद्मिनीला कंपनीकडून आरपीएम मीटर, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणारं मीटर, येत नव्हतं. आबांनी ते मुंबईत कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडून आणून डॅशबोर्डखाली पट्टी ठोकून बसवलं. स्मिथ्स कंपनीचं, काळी तबकडी, पांढरा काटा, तळाला बारीक अक्षरांत 'आरव्हीआय' आणि पुढे नंबर. विकणारा म्हणाला जुन्या ब्रिटिश एमजी गाडीचं आहे. आबांनी ते शेवटपर्यंत सगळ्यांना ऐकवलं.

गाडीचं इग्निशन, म्हणजे ठिणगी पाडणारी यंत्रणा, मी बदलून घेतली, त्याचं कारण सांगते. ठिणगीसाठी करंट तोडणारे जे पॉइंट हल्ली मिळतात त्यांची फायबरची टाच चार-सहा महिन्यांत झिजते. टाच झिजली की गॅप कमी होतो, टायमिंग मागे सरकतं, आणि गाडी चढावर धापा टाकते. दर वेळी गॅप मोजायचं फीलर गेज घेऊन, पॉइंट जिथे असतात त्या डिस्ट्रीब्युटरवर ओणवं व्हायचं माझं वय राहिलं नाही. म्हणून ऑनलाइन इलेक्ट्रॉनिक किट मागवलं, 4,200 रुपयांचं. डिस्ट्रीब्युटरच्या दांड्यावर चुंबकाची कडी, पॉइंटच्या जागी सेन्सर, बाहेर दोन तारा, लाल आणि काळी. बस.

बसवून घेतलं दुसरीकडे. कुठे ते लिहीत नाही, त्यांच्याशी वैर करायचं नाही. त्यांना किल्लीपासून निघून डॅशबोर्डमागे जाणारी आणि परत ठिणगीची वीज बनवणाऱ्या कॉईलला येणारी एक पांढरी तार दिसली. ती 'फालतू' ठरवून त्यांनी कापली आणि करंट सरळ कॉईलला दिला. इंजिन झकास चालू लागलं आणि आबांचं मीटर शून्यावर गप्प. "एवढ्या जुन्या मीटरला किट चालत नाही मॅडम, चायनाचं नवीन लावून घ्या." मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, तरी मान डोलावून पैसे देऊन घरी आले. नऊ महिने तशीच चालवली.

बापूंनी बोनेट उघडलंच नाही. चप्पल बाहेर काढून, सीटवर आडवे होऊन डोकं डॅशबोर्डखाली घातलं, बॅटरी तोंडात धरून. दोन मिनिटांनी आतूनच आवाज आला, "ताई, मीटर मरेल नही शे, बहिरं व्हयेल शे." मग बाहेर येऊन, कापलेलं टोक चिमटीत धरून मला दाखवलं. "तेना कान कापी टाका त्यासनी."

कान हा शब्द इतका नेमका आहे की मी पुढच्या वर्षी वर्गात वापरणार आहे. या मीटरला कॉईलच्या निगेटिव्हवरून तार घ्यायची नसते. किल्लीकडून कॉईलला जाणारी तारच त्याच्या पाठीवरच्या लोखंडी चिमट्यातून वेढा घेऊन पुढे जाते. पॉइंट उघडले की कॉईलचा करंट तुटतो, तो झटका चिमट्याला लागतो आणि आतलं सर्किट झटके मोजून काटा उचलतं. चार सिलिंडरला एका फेऱ्यात दोन ठिणग्या, म्हणजे 3000 आरपीएमला सेकंदाला शंभर झटके. तार वेढ्यातून गेलीच नाही तर मीटर मोजणार काय?

बापूंनी तेवढ्याच जाडीची नवी पांढरी तार ओढली, वेढा घातला, गाडी चालू केली. काटा ढिम्म. ते स्वतःशीच हसले, तार काढली, उलट दिशेने ओवली. या मीटरला दिशाही लागते. आता काटा उठला खरा, पण 2500 च्या वर वेड्यासारखा नाचायला लागला. मग त्यांनी कॉईलजवळ बघितलं. किटची लाल तार कॉईलच्या पॉझिटिव्हला जोडलेली होती, म्हणजे किटला लागणारा करंटही वेढ्यातूनच येत होता. ती तिथून काढून वेढ्याच्या अलीकडे, किल्लीच्या बाजूला नेली. आता वेढ्यातून फक्त कॉईलचा करंट. नाच बराच कमी झाला. वर 3000 नंतर काटा तरी खाली पडत होता, म्हणून तारेचा आणखी एक वेढा वाढवला. त्यांचं म्हणणं, किटचा झटका पॉइंटसारखा करकरीत नसतो, त्याला जरा मोठ्याने बोलावं लागतं. प्लगच्या जुन्या तांब्याच्या वायर काढून विजेचा गोंगाट दाबणाऱ्या सप्रेसरवाल्या टाकायला लावल्या. त्या मी दुकानातून आणून दिल्या तोवर बापू जेवायला गेले ते दीड तास आले नाहीत.

शेवटी प्लगच्या वायरला चिमटा लावायचं डिजिटल मीटर काढलं आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं. 1500 ला जुळलं. 3000 ला आबांचं 2900 दाखवतं. मीटरच्या पाठीमागच्या भोकातून स्क्रू फिरवून तेही जुळवता आलं असतं, पण मीच नको म्हटलं. एवढ्या वयाला शंभराची सूट.

मजुरी 1,500, त्यात तार आणि सोल्डरिंगचा डाग सगळं धरून. बिल मागितलं तर वहीचं पान फाडून देतात. तक्रारी सांगायच्या तर 'दोन दिवसांत देतो' म्हणाले आणि गाडी नवव्या दिवशी मिळाली. फोन उचलत नाहीत. उभं राहायला सावली नाही, आणि मे महिन्यात धुळ्यात 44 डिग्रीला ही बारीक तक्रार नव्हे. पण तुटलेली तार नुसती पिळून टेप न मारता डाग देऊन वर स्लीव्ह चढवणारा माणूस मी या भागात दुसरा पाहिलेला नाही.

त्यांनी दोन गोष्टी बजावल्या त्या तुम्हालाही सांगते. इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवून गाणी ऐकत बसायचं नाही, कॉईल तापते आणि किटही जळू शकतं. आणि जुने पॉइंट, कंडेन्सर, प्लेटसकट डब्यात घालून डिकीत ठेवायचे, कारण पाचोऱ्याच्या पुढे किट गेलं तर दुरुस्त करणारा कोण भेटणार? पॉइंट कुठलाही मेस्त्री बसवतो. सीडीआय नावाच्या दुसऱ्या प्रकारचं किट घेणार असाल तर मात्र ही वेढ्याची युक्ती विसरा. तिथे कॉईलला करंट किल्लीकडून जातच नाही, बॉक्समधून जातो.

किटने सगळं सुधारतं असंही समजू नका. परवा कन्नडच्या घाटात मधल्या वळणावर गाडी पूर्वीसारखीच गुदमरली. ते इग्निशन नव्हतं, पेट्रोल पंप तापला होता. ओलं फडकं गुंडाळून दहा मिनिटं थांबले. त्यावर औषध पूर्वीही तेच होतं. पण वर चढताना दुसऱ्या गिअरला काटा 3000 वर स्थिर होता, आणि आई शेजारी बसून रस्त्याऐवजी त्याच्याकडेच बघत होती.

डॅशबोर्डातलं घड्याळही बंद आहे. ते दाखवलं तर बापू म्हणाले, आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) बघू. कुठल्या वर्षीची, ते मी विचारलं नाही.