एल.एस. बेल्ट, काही महिने वापरून झाल्यावर

मेडिकलमध्ये "कमरेचा पट्टा द्या" म्हटलं की जो खोका काउंटरवर येतो तो हाच, लंबो-सॅक्रल बेल्ट. मागे जाड पाठ, तिच्या खिशांत चार उभ्या पट्ट्या, दोन्ही बाजूंना रुंद इलॅस्टिक, पुढे वेल्क्रो आणि वरून ओढून लावायचे दोन बंद. किंमत साधारण पाचशे ते हजार-बाराशे. हा रिव्ह्यू रोजच्या कंबरदुखीसाठी वापरलेल्या पट्ट्याचा आहे: उसण भरणं, काही उचलताना लचक बसणं, कमरेच्या खालच्या दोन मणक्यांमधली (एल४-एल५) गादी थोडी बाहेर आलेली असणं. ऑपरेशननंतर सर्जनने दिलेला किंवा म्हातारपणी मणका दबून फ्रॅक्चर झाल्यावर लागणारा छातीपर्यंतचा टेलर ब्रेस वेगळा. त्याचे तास डॉक्टर ठरवतात, तिथे यातलं काही लावू नका.

पट्टा कामाचा आहे, पण ठरावीक कामांपुरता. दिवसभर बांधून ठेवलात तर घाम, पुरळ आणि खोटा भरवसा यापलीकडे हाती काही लागत नाही.

तो नेमकं काय करतो ते आधी पाहू. पोट आवळलं गेल्याने आतला दाब थोडा वाढतो आणि कमरेला पुढून टेकू मिळतो. कंबर पूर्ण वाकू देत नाही. आणि चुकून वाकायला गेलात की मागची पट्टी टोचून आठवण करून देते. माझ्या मते हे तिसरं काम सगळ्यात मोलाचं. बाहेर आलेली गादी तो आत ढकलत नाही आणि "सरकलेला मणका" बसवत नाही. मुळात मणका सरकला म्हणणाऱ्या बहुतेकांचा मणका जागेवरच असतो, दुखत असतात ते स्नायू, सांधे किंवा गादी. उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शिकेत कंबरदुखी आणि सायटिकासाठी (कमरेतून पायात उतरणारी कळ) पट्टे देऊ नका असं स्पष्ट म्हटलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी तीच भूमिका घेतली. म्हणून उपचार समजून पट्टा विकत घेऊ नये. पण दुखरे पहिले दहा-पंधरा दिवस उभं राहून स्वयंपाक तर करावाच लागतो, लोकलमध्ये लोंबकळत जावंही लागतं. तेवढा तास निभावून नेणं त्याला जमतं.

आता माप. इथेच सगळ्यात जास्त गफलत होते. पँटचा नंबर सांगून पट्टा घेऊ नका, कारण पँट बेंबीच्या बरीच खाली बसते. टेप बेंबीच्या रेषेत, उभं राहून, श्वास सोडून गुंडाळा आणि खोक्यावरचा तक्ता पाहा. एका कंपनीचा एल दुसरीच्या एम एवढा असू शकतो. माप दोन साइझच्या सीमेवर पडलं तर मोठा घ्यावा की छोटा हे पोटावर ठरतं: जेवल्यावर पोट फुगत असेल तर मोठा. उंचीही बघा. बुटक्या माणसाला रुंद पट्टा बसताना वरून फासळ्यांना आणि खालून जांघेला लागतो, मग तो गोळा होऊन वर सरकतो आणि माणूस वैतागून कपाटात टाकतो. पट्टा न वापरला जाण्याचं हेच मुख्य कारण.

बांधायची पद्धत: पट्टा गादीवर पसरा, त्यावर उताणे झोपा, गुडघे उभे करा. मागच्या पाठीचा मध्य कण्यावर, म्हणजे पट्ट्या कण्याच्या दोन्ही अंगांना. पट्टी नेमकी कण्याच्या हाडावर आली तर तासाभरात तिथे लाल होतं. खालची कड माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर यायला हवी. लोक सवयीने चार बोटं वर बांधतात आणि मग जिथे दुखतं तोच भाग उघडा राहतो. पुढचं वेल्क्रो लावा, मग दोन्ही बंद एकदमच, सारख्या जोराने पुढे ओढा. एक आधी आणि एक नंतर ओढला की पट्टा तिरका बसतो. शेवटी आत दोन बोटं सरकतात का बघा. सरकत नसतील तर घट्ट आहे, अख्खा पंजा जात असेल तर शोभेचा आहे. बसल्यावर पुन्हा बंद थोडे सैल करा. पट्ट्या ॲल्युमिनियमच्या असतील तर खिशातून काढून कमरेच्या बाकाप्रमाणे हाताने हलक्या वळवता येतात. स्प्रिंग स्टीलच्या वळत नाहीत, त्यांच्याशी झटापट करू नका.

कधी बांधायचा? ओट्यापाशी सलग उभं राहताना, दुचाकीवरून खड्ड्यांतून जाताना, एसटीच्या लांबच्या प्रवासात, घर आवरताना. एका वेळी तास-दोन तास, मग काढायचा. झोपताना नाही. जेवल्यावर लगेच नाही, ॲसिडिटीवाल्यांनी तर मुळीच नाही. हर्निया, गरोदरपण, पोटाचं ताजं ऑपरेशन, ताब्यात नसलेलं बीपी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बांधू नये. एक इशारा गॅस सिलेंडरबद्दल. घरगुती सिलेंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि लोखंडासकट भरलेली टाकी तीस किलोच्या आसपास जाते. पट्टा बांधला म्हणून ती उचलायचं धाडस येतं, आणि तिथेच पुन्हा लचक भरते. टाकी तिरकी करून बुडाच्या कडेवर फिरवत न्यायची, पट्टा असो वा नसो.

सकाळचा पहिला तास वेगळा धरा. रात्री झोपेत मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे उठल्या उठल्या वाकलं की गादीवर दिवसापेक्षा जास्त ताण येतो. बेसिनवर ओणवं होऊन दात घासणं, अंथरूण गोळा करणं, बादली उचलणं हे सगळं नेमकं त्याच तासात येतं. एक हात बेसिनच्या कडेवर टेकवा, एक पाय पुढे घ्या, कमरेतून न वाकता खुब्यातून वाका. अंथरूण तासभर तसंच राहिलं तर काही बिघडत नाही. एवढ्याने पट्ट्यापेक्षा जास्त आराम पडतो, आणि खर्च शून्य.

व्यायाम पट्टा काढूनच. कॅनडाचे मणक्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅगिल यांचे तीन प्रकार अनेक फिजिओ शिकवतात. एक, उताणे झोपून एक गुडघा उभा, दोन्ही तळवे कमरेच्या पोकळीखाली, आणि डोकं-खांदे जमिनीपासून जेमतेम सुटतील एवढेच उचलणं. दोन, कुशीवर झोपून कोपर आणि गुडघ्यावर अंग तोलणं. तीन, रांगण्याच्या स्थितीत उजवा हात आणि डावा पाय सरळ करणं, मग उलट. प्रत्येक वेळी आठ-दहा सेकंद धरायचं. आधी सहा वेळा, थोडी विश्रांती, मग चार, मग दोन. तिसऱ्या प्रकारात कंबर झोपाळ्यासारखी हलली तर पाय जास्त वर गेला आहे, टाच नितंबाच्या वर जाऊ देऊ नका. दुखणं कमरेतून पायात उतरत असेल तर न्यूझीलंडचे फिजिओ रॉबिन मॅकेन्झी यांची पद्धत करून पाहण्यासारखी: पालथं झोपून आधी कोपरांवर, जमलं तर हातांवर छाती उचलायची, कंबर ढिली, दहा वेळा. कळ पोटरीतून मांडीत आणि मांडीतून कमरेत मागे आली तर दिशा बरोबर आहे, मग कमरेत थोडं जास्त दुखलं तरी चालतं. उलट पायात आणखी खाली उतरली की लगेच थांबा. चालणं मात्र सगळ्यांनाच. ऑस्ट्रेलियातल्या २०२४ च्या एका मोठ्या चाचणीत, चालण्याचं वेळापत्रक पाळणाऱ्यांना कंबरदुखी परत यायला साधारण २०८ दिवस लागले, न पाळणाऱ्यांना ११२.

पट्ट्याने स्नायू लगेच लुळे पडतात, ही भीती उगाच पसरवली जाते. खरा तोटा मनात होतो: पट्ट्याशिवाय वाकलं की काहीतरी तुटेल, असं वाटायला लागतं. म्हणून दुखणं उतरू लागलं की आठवड्याला एकेक काम पट्ट्याविना करत जावं आणि तीन-चार आठवड्यांत तो पिशवीत गेलेला बरा. रिपोर्ट वाचून घाबरणंही तसंच. २०१५ मधल्या एका आढाव्यात, कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या स्कॅनमध्येही फुगलेली गादी विशीत सुमारे ३० टक्के जणांना, तर ऐंशीत ८४ टक्के जणांना दिसली होती. एमआरआयमध्ये "बल्ज" लिहून आलं म्हणजे दुखण्याचा गुन्हेगार सापडला असं नव्हे.

पण काही लक्षणांत पट्टा, व्यायाम, शेक सगळं बाजूला ठेवायचं. लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, बसण्याच्या जागी बधिरपणा, दोन्ही पायांतली ताकद जाणं: त्याच दिवशी हॉस्पिटल. चालताना पंजा घसटणं किंवा चप्पल पायातून निसटणं हेही लांबणीवर टाकण्यासारखं नाही. संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर मणक्याचा क्षय तपासून घ्यावा. आपल्याकडे तो अजून आढळतो आणि पट्ट्याखाली महिनोन् महिने झाकून राहतो.

टिकाऊपणाबद्दल थोडं. आधी जातं वेल्क्रो. केस आणि बनियनचा कापूस अडकून ते पकड सोडतं. जुन्या टूथब्रशने आडवं-उभं घासून साफ होतं. धुण्याआधी पट्ट्या काढा आणि वेल्क्रो मिटवून ठेवा, नाहीतर इलॅस्टिकचे धागे ओढले जातात. कोमट पाणी, साधा साबण, हाताने. पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं. मशीनमध्ये टाकलेल्या पट्ट्याचं इलॅस्टिक फार लवकर सैलावतं. मे महिन्यात आत सुती बनियन हवंच, नाहीतर कमरेभोवती घामोळं ठरलेलं. पट्टीचं टोक शिवणीतून बाहेर डोकावायला लागलं तर चांभाराकडून चामड्याचा तुकडा लावून घ्या, वीस-तीस रुपयांत काम होतं. आणि पूर्वी जिथे वेल्क्रो लागायचं त्याच्या दोन-तीन इंच पुढे लागू लागलं, पण पोट तेवढंच असेल, तर इलॅस्टिक गेलं.

घेताना दुकानातच शर्टावरून बांधून पाहा आणि तिथल्या स्टुलावर पाच मिनिटं बसा. खोका फोडून वापरलेला पट्टा बहुतेक दुकानदार बदलून देत नाहीत.