पीएम किसानच्या नावाने आलेल्या फाईलने माझे १,२४,९९८ रुपये गेले

आकडा पूर्ण लिहितोय, कारण गावात कुणी लाख म्हणतं, कुणी तीन लाख, आणि मी तोंड चुकवत हिंडतोय. पैसे हळदीचे होते. शिजवून, वाळवून, पॉलिश करून वसमतच्या मोंढ्यात घातलेली हळद. त्यातूनच मजुरांचे द्यायचे होते.

माझा पीएम किसानचा हप्ता अडकला होता. त्याच्यापायी नमो शेतकरीचाही अडकतो, म्हणजे दोन्हीचे मिळून चार हजार. तालुक्याला दोन खेपा झाल्या. एकदा 'केवायसी करा', एकदा 'सर्व्हर डाऊन आहे, सोमवारी या'. अशात रात्री नऊला गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फाईल आली, 'पीएम किसान नवीन यादी', नावाच्या शेवटी एपीके, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल. आज केवायसी केली नाही तर नाव कटणार म्हणे. पाठवणारा आमच्या भावकीतला, म्हणून उघडली. त्याचाच फोन आधी त्या चोरांच्या ताब्यात गेलाय, हे त्यालाही माहीत नव्हतं.

फोनने सांगितलं होतं की ही फाईल धोक्याची असू शकते. बायको ताट वाढून हाका मारत होती आणि मी चार्जरला लावलेला फोन धरून भिंतीशी उभा. 'तरीही इन्स्टॉल करा' दाबलं. मेसेज वाचायची परवानगी मागितली, दिली. मग एटीएम कार्डाचा नंबर आणि पिन मागितला. तिथं थांबायला पाहिजे होतं! पैसे देणाऱ्याला माझा पिन कशाला लागतो? हप्ता आधार जोडलेल्या खात्यात आपोआप पडतो, एवढं मला माहीत होतं. मी बारावी शिकलोय, अडाणी नाही. पण दोन खेपा मारून जीव विटला होता, एकदाची केवायसी होऊन जाऊ दे असं झालं होतं.

रात्रीत ४९,९९९ दोनदा गेले. एकही मेसेज दिसला नाही, ते परस्पर तिकडे जात होते. सकाळी शिल्लक बघितली आणि ८.१० ला बँकेच्या नंबरवर तक्रार केली, तक्रार क्रमांक घेतला. तरी ८.५२ ला आणखी २५,००० गेले! खात्यात उरले १७,३२०.

शाखेत साहेब म्हणाले, ओटीपी तुमच्याच मोबाइलवर गेला, आम्ही काय करणार. अहो, तक्रार नोंदवल्यानंतर गेलेला पैसा बँकेने सोसायचा, हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा नियम आहे. पहिल्या दोन रकमांवर मला बोला, ऐकून घेतो. ते २५,००० कुणाच्या चुकीने गेले? लेखी उत्तर मागितलं तर 'वरून येईल'. ठाण्यात गेलो तर 'सायबरला जा, जिल्ह्याला'. जिल्ह्याला गेलो तर 'आधी ठाण्याचा कागद आणा'. तिथल्या एकाने सगळ्यांसमोर विचारलं, 'फाईल उघडलीच कशाला?' हप्ता अडकला तेव्हा तालुक्याला कुणी नीट बोललं असतं तर उघडली नसती, साहेब.

पैसे गेल्याचं कळताच आधी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर लावा, लागेपर्यंत लावा, आणि फोन दुसऱ्याचा वापरा. आपल्या फोनचं नेट त्याच क्षणी बंद करा. मी ते केलं नाही. केवायसी सीएससी केंद्रात, म्हणजे ऑनलाइन सरकारी कामं करून देणाऱ्या केंद्रात, अंगठा लावून होते. ॲप घ्यायचंच तर प्ले स्टोअरवरून घ्या, भाऊ पाठवो नाहीतर सरपंच. आणि बँकेत तोंडी बोलू नका, अर्ज देऊन पोच घ्या, वेळेसकट.

मी अर्ज आता दिलाय. पोचेवर शिक्का मारायलाही पाऊण तास बसवलं.