लेखी प्रश्नोत्तरांची सेवा : बेळगावातून वाचलेली महामारीतील उत्तरे

खासदारांच्या प्रश्नांना मंत्र्यांनी दिलेली लेखी उत्तरे लोकसभा आणि राज्यसभा यांच्या संकेतस्थळांवर कोणालाही विनामूल्य वाचता येतात. माहिती अधिकारात दहा रुपये भरून तीस दिवस वाट पाहावी लागते, तसे येथे काही नाही. सदस्य, मंत्रालय आणि अधिवेशन निवडले की उत्तराचा कागद समोर येतो. मी बेळगावात राहतो आणि २०२० च्या सप्टेंबरपासून ही सेवा नेमाने वापरत आलो आहे. कोरोना महामारीच्या दोन वर्षांत तिने काय दिले आणि काय दिले नाही, हे सीमाभागातील वाचकांपुढे मांडावे, या हेतूने हे परीक्षण लिहीत आहे.

सेवेची रचना आधी थोडक्यात सांगतो. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला केवळ लेखी उत्तर मिळते आणि त्यावर उलट विचारण्याची सोय नसते. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २३० आणि राज्यसभेत १६० अतारांकित प्रश्न घेतले जातात. एरवी या दोन वाटा एकमेकींना सांभाळून घेतात, कारण लेखी उत्तरात मंत्र्याने हात राखला तर पुढे कोणीतरी तोंडावर विचारू शकतो. १४ सप्टेंबर २०२० रोजी सुरू झालेल्या पावसाळी अधिवेशनात मात्र तोंडी उत्तरांचा, म्हणजे प्रश्नोत्तरांचा तास वगळण्यात आला आणि लेखी उत्तरेच तेवढी उरली. ते अधिवेशन २३ सप्टेंबरला आटोपले, हिवाळी अधिवेशन झालेच नाही, आणि पुढचे अधिवेशन थेट २९ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. ज्या चार महिन्यांत विचारण्यासारखे सर्वाधिक होते, त्या चार महिन्यांत ही सेवा बंद होती. तिच्यावरचा माझा पहिला आक्षेप हाच आहे.

आता प्रत्यक्ष उत्तरांकडे वळतो. त्या अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, टाळेबंदीत गावी परतताना किती स्थलांतरित मजुरांचे प्राण गेले, असा प्रश्न लोकसभेत होता. श्रम आणि रोजगार खात्याचे राज्यमंत्री संतोष गंगवार यांनी लेखी उत्तरात सांगितले की अशी आकडेवारी ठेवली जात नाही. मृतांच्या कुटुंबीयांना भरपाई दिली काय, या उपप्रश्नाला, वरील उत्तर पाहता हा प्रश्न उद्भवत नाही, असे उत्तर आले. तो कागद मी छापून घेतला होता आणि तो बराच वेळ हातात धरून बसलो होतो. पहिल्या उपप्रश्नाला नोंद नाही असे म्हटले की दुसरा उपप्रश्न आपोआप गळून पडतो, आणि भरपाईविषयी सरकारचा विचार काय आहे, हे न सांगताही उत्तर पूर्ण झाल्यासारखे दिसते. त्याच मंत्रालयाकडे दुसरी एक आकडेवारी मात्र होती : १ कोटी ४ लाखांहून अधिक मजूर आपापल्या राज्यांत परतले होते आणि त्यांची राज्यवार यादी तयार होती. परतलेल्यांची मोजदाद राज्यांकडून मागवता आली, तर वाटेत दगावलेल्यांचीही मागवता आली असती, असे मला आजही वाटते.

चारच दिवसांनी, १८ सप्टेंबरला, राज्यसभेत रेल्वेमंत्री पीयूष गोयल यांचे लेखी उत्तर आले. श्रमिक विशेष गाड्यांतून प्रवास करताना ९ सप्टेंबरपर्यंत ९७ जणांचा मृत्यू झाल्याची माहिती असून, त्यांपैकी ८७ जणांचे मृतदेह शवविच्छेदनासाठी पाठवण्यात आले आणि ५१ अहवाल हाती आले आहेत, असे त्यात नमूद होते. या उत्तराला मी चांगले उत्तर म्हणतो. त्यात आकडा आहे, तो कोणत्या दिवसापर्यंतचा आहे ते आहे, आणि काय अजून यायचे आहे तेही लपवलेले नाही. माणसे गाडीत गेली म्हणून पोलिसांकडे नोंद झाली आणि नोंद होती म्हणून उत्तर आले. रस्त्याने चालत निघालेल्यांची नोंद करणारे कोणी नव्हते. याच खात्याचे राज्यमंत्री, आमचे बेळगावचे खासदार सुरेश अंगडी, हे उत्तर पटलावर आले तेव्हा कोरोनाशी झुंजत होते. ११ सप्टेंबरला त्यांचा अहवाल पॉझिटिव्ह आला आणि अधिवेशन ज्या दिवशी संपले, त्याच २३ सप्टेंबरला दिल्लीत त्यांचे निधन झाले. केंद्रीय मंत्रिमंडळातील एक सदस्य गमावलेल्या सरकारला या रोगाची भीषणता ठाऊक नव्हती, असे म्हणता येत नाही. म्हणूनच इतर खात्यांच्या उत्तरांतला कोरडेपणा मनाला अधिक लागतो.

आरोग्य मंत्रालयाच्या उत्तरांत एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटते : आरोग्य हा राज्यांचा विषय आहे. १५ सप्टेंबर २०२० रोजी बाधित झालेल्या आणि दगावलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांविषयी विचारले असता हेच कारण देऊन केंद्राच्या पातळीवर आकडेवारी ठेवली जात नाही, असे सांगण्यात आले. त्याच कर्मचाऱ्यांसाठी केंद्राची ५० लाखांची विमा योजना मात्र चालू होती आणि तिच्या दाव्यांची नोंद राष्ट्रीय पातळीवर ठेवली जात होती. २० जुलै २०२१ रोजी आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांच्या लेखी उत्तरात, ऑक्सिजनच्या तुटवड्यामुळे मृत्यू झाल्याचे राज्यांनी स्वतंत्रपणे कळवलेले नाही, असे म्हटले होते. हे वाक्य सावकाश वाचावे लागते. मृत्यू झाले नाहीत, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. राज्यांनी तसे कळवले नाही, एवढेच म्हटले आहे. मृत्यूच्या दाखल्यात कारण म्हणून रोग लिहिला जातो, रिकाम्या सिलिंडरची नोंद तेथे होत नाही, मग राज्य तरी काय कळवणार? आमच्याच राज्यातील चामराजनगरच्या जिल्हा रुग्णालयात मे २०२१ च्या आरंभी जे घडले, त्याची चौकशी उच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने केली होती आणि ३६ जण ऑक्सिजनअभावी गेल्याचे म्हटले होते. तो अहवाल मे महिन्यातच आला होता, आणि दोन महिन्यांनंतरच्या उत्तरात त्याचा मागमूस नव्हता. त्याच उत्तरात, पहिल्या लाटेत ऑक्सिजनची सर्वोच्च मागणी ३,०९५ टन होती आणि दुसऱ्या लाटेत ती सुमारे ९,००० टनांवर गेली, हा उपयोगी आकडा होता. या उत्तरावरून उठलेल्या गदारोळात तो कोणाच्या लक्षात आला नाही, याचे मला वाईट वाटते.

आम्हा सीमेवरच्या लोकांची अडचण याहून निराळी आहे. माझी आत्या सीमेपलीकडे, महाराष्ट्रातील चंदगड तालुक्यात राहते. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिससाठी बेळगावला यावे लागते, कारण त्या भागाचा दवाखाना आणि बाजार पिढ्यान्‌पिढ्या बेळगावच आहे. २०२१ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रातून येणाऱ्यांना ७२ तासांच्या आतील आरटीपीसीआर अहवाल लागत होता. तपासणीचा अहवाल हातात यायलाच दोन दिवस जात, आणि पुढच्या फेरीपर्यंत तो जुना होई. तातडीच्या उपचारांना सूट होती, पण ठरलेल्या वाराला होणारे डायलिसिस तातडीचे कसे, असे एका नाक्यावरच्या माणसाने विचारले. बॅरिकेडच्या अलीकडे मी स्कूटर लावून उभा होतो आणि पलीकडे आत्या रिक्षात बसून होती. प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेली फाइल तिने दीड तासात चार वेळा बाहेर काढली. त्या संध्याकाळी ती मला म्हणाली, "तू सरकारची उत्तरं वाचतोस न्हवं? आमचं कुणी इचारलंय काय रं?"

तिच्या प्रश्नाने मी नियम पुन्हा वाचले. ज्या बाबीशी भारत सरकारचा मुख्यत्वे संबंध नाही, तिच्याविषयी लोकसभेत प्रश्न विचारता येत नाही. चंदगडच्या रुग्णाविषयी मुंबईत विचारले तर नाका कर्नाटकाचा, बंगळुरात विचारले तर रुग्ण महाराष्ट्राचा, आणि दिल्लीत विचारले तर आरोग्य राज्यांचे. येथेच मंत्रालयाचे ते आवडते वाक्य अपुरे पडते. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हे राज्यसूचीत, म्हणजे राज्यघटनेने राज्यांकडे दिलेल्या विषयांच्या यादीत आहेत, हे खरे. परंतु घटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीच्या, म्हणजे केंद्राच्या विषयांच्या यादीच्या, ८१ व्या नोंदीत आंतरराज्य स्थलांतर आणि आंतरराज्य विलगीकरण हे विषय स्पष्ट शब्दांत केंद्राकडे दिलेले आहेत, आणि संसर्गजन्य रोग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरू न देणे हा केंद्र आणि राज्ये या दोघांच्याही अखत्यारीतील समवर्ती सूचीच्या २९ व्या नोंदीचा विषय आहे. केंद्रालाही हे ठाऊक होते. २२ ऑगस्ट २०२० रोजी केंद्रीय गृहसचिवांनीच सर्व राज्यांना पत्र पाठवून आंतरराज्य ये-जा अडवू नये, असे कळवले होते. तेव्हा सीमेवरच्या नाक्याचा प्रश्न आरोग्यमंत्र्यांऐवजी गृहमंत्र्यांना विचारला पाहिजे. हे समजायला मला वर्ष लागले.

भाषेबाबतही दोन शब्द लिहिणे भाग आहे. लोकसभेची उत्तरे हिंदी आणि इंग्रजीत असतात. कर्नाटक विधिमंडळाची लेखी उत्तरे कन्नडमध्ये असतात. मी शाळेत कन्नड शिकलो म्हणून ती वाचू शकतो, आमच्या गल्लीतील निम्म्या ज्येष्ठांना ते जमत नाही. मराठीतून उत्तरे मिळतात ती महाराष्ट्र विधिमंडळाची, म्हणजे जी आम्हाला वाचता येतात ती आमच्याविषयी नसतात. ‘उद्भविसुवुदिल्ल’ आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे शब्द मात्र दोन्हीकडे सारख्याच सहजतेने येतात. सुवर्ण विधानसौध ही कर्नाटक विधिमंडळाची बेळगावातील इमारत आमच्या हलग्याजवळ उभी आहे, परंतु २०२० मध्ये तेथे अधिवेशन झाले नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ते पुन्हा भरले.

ही सेवा वापरणाऱ्याने उत्तराचा कागद उघडताच प्रथम उपप्रश्न मोजावेत. अ ते उ अशा पाच उपप्रश्नांना मिळून एकच परिच्छेद लिहिलेला असेल, तर कोणता उपप्रश्न त्यात बुडाला आहे, ते शोधावे. त्यानंतर परिशिष्ट पाहावे, कारण खरी माहिती बहुधा तेथील राज्यवार तक्त्यात असते. माहिती गोळा केली जात आहे आणि ती पटलावर ठेवली जाईल, असे उत्तर असेल तर ते आश्वासन ठरते, तीन महिन्यांत त्याची पूर्तता अपेक्षित असते आणि त्यावर आश्वासन समितीची नजर असते. ती तारीख वहीत लिहून ठेवावी. वेळेवर आणि तारखेसह उत्तर देण्याच्या बाबतीत मी या सेवेला पाचपैकी चार गुण देतो, आणि महामारीतील उत्तरांच्या मजकुराला दीड. त्या दीडमधील एक गुण रेल्वेच्या उत्तराचा आहे.

लोकसभेतील प्रश्नाला दीडशे शब्दांची मर्यादा आहे. आत्याचा प्रश्न त्यात बसवून मी एका खासदारांकडे पाठवला आहे : गृहमंत्री हे सांगण्याची कृपा करतील काय, की (अ) संघसूचीतील नोंद ८१ अन्वये महामारीच्या काळात आंतरराज्य नाक्यांसाठी केंद्राने कोणते नियम केले, (आ) नियमित उपचारांसाठी राज्याची सीमा ओलांडणाऱ्या रुग्णांची नोंद कोणी ठेवली, आणि (इ) ती ठेवली गेली नसल्यास, पुढील साथीत ती कोण ठेवणार आहे?