मिल्क फायबरचं दुपटं, सोलापूरच्या उन्हाळ्यानंतर

ताईच्या बाळासाठी थंडीत ऑनलाइन मागवलेलं हे दुपटं अजून रोज वापरात आहे म्हणून लिहितेय. लेबलवर 70 टक्के कॉटन, 30 टक्के मिल्क फायबर, म्हणजे दुधातल्या प्रोटीनपासून केलेला धागा. मऊपणा एकदम खरा आहे बघा. आमच्या घरचे टॉवेलचे माग आहेत, सूत चिमटीत धरून काउंट, म्हणजे त्याची जाडी-बारीकी, सांगणारी माणसं, तरी प्रत्येकाने चोळून चोळून बघितलं. मे महिन्यात लाइट गेली तरी बाळाच्या अंगाला चिकटलं नाही.

वास येतो का असं सगळे विचारतात. नाही येत, ओलं असतानाही नाही. पूर्वीच्या मिल्क फायबरला यायचा. 1930 च्या दशकात इटलीत अंतोनियो फेरेत्ती यांनी लोकरीला पर्याय म्हणून हा धागा काढला, लानिताल नावाने तो विकला गेला, नंतर अमेरिकेत अरालॅक नावाचं असंच फायबर आलं, ते भिजलं की आंबट दुधाचा वास मारायचं. करतात कसं, तर साय काढलेल्या दुधात ॲसिड घालून केसीन, म्हणजे दुधातलं प्रोटीन, वेगळं काढायचं, आपण लिंबू पिळून पनीर करतो तसं, मग ते अल्कलीत विरघळवून बारीक छिद्रांतून ॲसिडच्या पाण्यात सोडायचं.

पण पाकिटावर 'शंभर टक्के नैसर्गिक' छापलंय ते मला पटलेलं नाही. पप्पांनी कडेचे दोन-चार धागे उसवून काडी लावली, केस जळल्यासारखा वास आला म्हणजे प्रोटीन आहे, पण टोकाला कडक काळी गाठ राहिली. नुसतं कॉटन जळून राख होते, गाठ ॲक्रिलिकची, म्हणजे कृत्रिम धाग्याची. आजकाल बराच मिल्क धागा केसीन आणि ॲक्रिलिकचा कच्चा माल जोडूनच करतात, मग तसं सरळ लिहायला काय हरकत आहे? बाळाच्या अंगाला लागणारी वस्तू आहे ही!

धुण्याचं मात्र लई सांभाळावं लागतं. हा धागा ओला असताना कमजोर पडतो, म्हणून पिळायचं नाही, उकळत्या पाण्यात टाकायचं नाही. एन्झाइमवाली पावडर तर अजिबात नको, ती डाग काढताना प्रोटीनच तोडते, मग लोकर असो, रेशीम असो की हे. गच्चीवरच्या उन्हात वाळवून आमच्या दुपट्याची एक बाजू पिवळट झाली, घडीवर बारीक गोळे पण आलेत. आता सावलीतच टाकतो.

झोपताना पांघरायला परत घेईन. शी-शूची दुपटी मात्र सुतीच ठेवा, ती रोज गरम पाण्यातून काढावी लागतात.