काल्डीचं बिल्ड अडलंय: सोर्सशी झुंजावं, डॉकर घ्यावा की कॉन्डा?

मराठी आवाजावर काम करायला निघालेले बरेच जण काल्डी या वाक् ओळखीच्या (बोलण्याचा मजकूर करण्याच्या) टूलकिटपाशी येतात आणि पहिल्याच संध्याकाळी एररनी भरलेल्या टर्मिनलसमोर अडकतात. २००९ च्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या कार्यशाळेत मूळ धरलेलं आणि २०११ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालेलं हे टूलकिट सी प्लस प्लसमध्ये आहे. वाक् ओळख आतून समजून घ्यायला ते आजही फार मोलाचं आहे, त्यामुळे बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारे प्रोग्रॅम तयार करणं, फसलं म्हणून कुणी ते सोडून द्यावं याचं मला वाईट वाटतं. रस्ता मात्र आधी नीट निवडा. काल्डीचा आतला कोड तुम्ही बदलणार आहात, की तयार प्रोग्रॅम चालवून मॉडेल शिकवणार आहात? माझ्या मते निम्मा निर्णय या उत्तरातच होतो.

सोर्समधून बिल्ड

कोडला हात लावायचा असेल तर हाच मार्ग. यात काम दोन टप्प्यांत होतं: आधी ‘टूल्स’ फोल्डरमध्ये ओपनएफएसटी या लायब्ररीसारख्या आधाराच्या गोष्टी, मग ‘एसआरसी’मध्ये खुद्द काल्डी. पहिला टप्पा अर्धवट राहिला असताना दुसरा सुरू केला, की भलत्याच फाइलच्या नावाने एरर येते आणि माणूस तिच्यामागे दिवस घालवतो. म्हणून अवलंबित्व तपासणारी स्क्रिप्ट ‘ऑल ओके’ म्हणेपर्यंत पुढे जाऊ नका. काय कमी आहे आणि ते कुठल्या आज्ञेने बसवायचं, हे ती स्वतःच छापते. जुन्या आवृत्तीतली स्क्रिप्ट पायथन २.७ मागते आणि उबुंटू २४.०४ च्या भांडारात तो मिळत नाही. इथे घाबरू नका, ही तपासणी वगळायची सोयही तिच्यातच आहे.

लॉग वाचायची सवय सगळ्यात महत्त्वाची. शेवटच्या ओळीत मेक (बिल्ड चालवणारा प्रोग्रॅम) ‘एरर १’ म्हणतं, पण ती फक्त वर्दी असते. खरी एरर बरीच वर दडलेली असते, आणि आठ फाइली एकदम कंपाइल होत असतील तर त्यांचे संदेश एकमेकांत मिसळतात. अशा वेळी मी मेक पुन्हा एकाच जॉबवर, म्हणजे एका वेळी एकच फाइल घेऊन, चालवते. थांबेल तिथलीच एरर खरी. माझे अनेक तास या एका गोष्टीने वाचले आहेत.

नेहमी भेटणारी कारणं मोजकीच आहेत. कंपायलर मध्येच ‘किल्ड’ म्हणून मेला, तर कोड ठीक आहे, रॅम संपली आहे. ओपनएफएसटीच्या टेम्प्लेटमुळे एकेक फाइल जीबीच्या घरात मेमरी खाते, म्हणून ८ जीबीच्या लॅपटॉपवर आठ जॉब लावू नका, दोन लावा. गणिताची लायब्ररी सापडत नसेल तर इंटेलच्या यंत्रावर एमकेएल बसवा. एआरएम यंत्रांसाठी एमकेएल नाही, तिथे ओपनब्लास घ्या. आणि काहीही बदललंत की कॉन्फिगर (यंत्रावर काय काय आहे ते शोधणारी स्क्रिप्ट) पुन्हा चालवा. ते आपले निष्कर्ष ‘काल्डी डॉट एमके’ नावाच्या फाइलमध्ये लिहून ठेवतं, आणि जुनी फाइल तशीच राहिली तर तुमची दुरुस्ती मेकपर्यंत पोचतच नाही.

कूडाचं, म्हणजे एनव्हीडियाच्या जीपीयूवर काम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, दुखणं वेगळं. कूडाची प्रत्येक आवृत्ती जीसीसी या कंपायलरच्या ठरावीक आवृत्तीपर्यंतच चालते. उबुंटू २०.०४ सोबत जीसीसी ९ येतो आणि कूडा १०.२ फक्त ८ पर्यंतचा स्वीकारतो, म्हणजे दोन्ही ताजे बसवूनही बिल्ड फसणारच. जीसीसी ८ शेजारी बसवून कॉन्फिगरला तोच वापरायला सांगा. नाहीतर सुरुवातीला कूडा बंदच ठेवा: जीएमएम (जुन्या सांख्यिकी पद्धतीच्या) मॉडेलांना जीपीयू लागतच नाही, तो लागतो पुढे न्यूरल नेटवर्क शिकवताना. कॉन्फिगरचा ‘शेअर्ड’ पर्यायही घ्या, डिस्कवरची जागा बरीच वाचते.

डॉकर

तयार रेसिपी (मॉडेल शिकवायच्या स्क्रिप्टांचे संच) चालवायच्या असतील तर मी डॉकरच सुचवेन; त्यात सगळं सॉफ्टवेअर एका वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, तयार मिळतं. काल्डीची अधिकृत इमेज सीपीयू आणि जीपीयू अशा दोन्ही प्रकारांत मिळते आणि वरच्या बहुतेक कटकटी तिथे कुणीतरी आधीच सोडवलेल्या असतात. बदल्यात काही जीबींचं डाउनलोड आहे, आणि जीपीयूसाठी मूळ यंत्रावर एनव्हीडियाचा ड्रायव्हर व कंटेनर टूलकिट दोन्ही हवेत. डेटा आणि प्रयोगांचं फोल्डर बाहेरून जोडायला मात्र विसरू नका. मी एकदा विसरले होते. कंटेनर पुसला तेव्हा दोन रात्री शिकवलेलं मॉडेल त्याच्यासोबत गेलं. कॉलेजच्या सामाईक सर्व्हरवर डॉकरची परवानगी बहुधा देत नाहीत, त्यामुळे तिथे आधी विचारून घ्या.

कॉन्डा

परवानगी नसलेल्यांना हा मार्ग सोयीचा. कॉन्डा हा पॅकेजं बसवणारा प्रोग्रॅम आहे; त्याच्या कॉन्डा-फोर्ज या भांडारात काल्डी तयार मिळतं, रूट (ॲडमिनचे अधिकार) लागत नाही, आणि माँट्रियल फोर्स्ड अलाइनर याच पॅकेजवर उभा आहे. ध्वनिफितीला मजकूर शब्दाशब्दाने जुळवणं एवढंच काम असेल, तर इतर दोन्ही रस्ते विसरा. पूर्ण रेसिपी चालवायच्या असतील, तर स्क्रिप्टना प्रोग्रॅम कुठे आहेत हे सांगण्यासाठी पाथची फाइल हाताने बदलावी लागते. नवख्याला तिथे डॉकर जास्त सोपा जातो.

‘नवं काल्डी सरळ पिपने बसतं, तेच घेऊ’ असंही कुणी सुचवेल. या नव्या काल्डीची, म्हणजे केटूची, तयार पॅकेजं पायटॉर्च (न्यूरल नेटवर्कची लायब्ररी) आणि कूडाच्या नेमक्या आवृत्तीशी बांधलेली असतात, तेव्हा जुळवाजुळव तिथेही आहेच. न्यूरल पद्धतीनेच काम करायचं नक्की असेल तर जरूर घ्या.

कुठलाही रस्ता घेतलात तरी आधी ‘येस-नो’ ही छोटी रेसिपी चालवून बघा. ती हिब्रू ‘हो’ आणि ‘नाही’ ओळखायला शिकते, काही मिनिटांत संपते आणि तिला जीपीयू लागत नाही. ती शेवटपर्यंत गेली की ओपनएसएलआर या आवाजाचे संच ठेवणाऱ्या संकेतस्थळावरचा ६४ क्रमांकाचा मराठी संच उतरवायला घ्या.