डनलॉप टॉर्टेक्स पिक : उजवा हात भरून येत असेल तर हे एकदा वापरून बघाच

गिटार शिकणारे सगळे डाव्या हाताबद्दल बोलत असतात, बोटं सोलली, बारे कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबायच्या तो) लागत नाही वगैरे, आणि उजवा हात दुखतोय म्हटलं की उत्तर एकच, "वाजवत राहा, सवय होईल". असल्या दुखण्याची सवय बिवय करून घ्यायची नसते हो. बऱ्याचदा प्रॉब्लेम असतो पिक, म्हणजे तारा छेडायचा तो छोटा तुकडा, किती घट्ट धरलंय त्यात, आणि घट्ट का धरलंय तर ते सटकतंय म्हणून. मी स्वतः बरीच वर्षं डनलॉप कंपनीचं टॉर्टेक्स पिक वापरतोय आणि मला ते आवडतं ते मुख्यतः ह्याच कारणासाठी, आवाज वगैरे नंतर.

हे पिक डेलरिन नावाच्या प्लास्टिकचं असतं, गुळगुळीत चकचकीत नाही, वरून मॅट, हाताला किंचित पावडर लावल्यासारखं लागतं. पूर्वी चांगली पिकं समुद्री कासवाच्या पाठीची असायची, १९७० च्या दशकात त्या व्यापारावर बंदी आली, मग डनलॉपने १९८१ मध्ये हे काढलं, म्हणून तर त्यावर कासव छापलेलं असतं. मुंबईच्या दमट हवेत, जूनमध्ये बोटं घामाने चिकचिकीत झाली की चकचकीत पिक गोल फिरायला लागतं, टॉर्टेक्स बऱ्यापैकी जागेवर राहतं. बोटं आवळणारे मोठे स्नायू कोपराजवळ असतात, त्यामुळे तुम्ही चिमूट घट्ट केली की तासाभराने दुखतो तो कोपराखालचा भाग. चिमूट सैल झाली की मनगटही मोकळं होतं.

आता जाडी. रंगावरून कळते, लाल ०.५०, केशरी ०.६०, पिवळं ०.७३, हिरवं ०.८८, निळं १ आणि जांभळं १.१४ मिमी. अकॉस्टिकवर (साध्या, बिनविजेच्या गिटारवर) नुसतं स्ट्रमिंग, म्हणजे सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवणं, करणाऱ्याने पिवळं घ्यावं, ते तारेवरून वाकून निघतं, झटका हाताला कमी बसतो. फार पातळ घेऊ नका मात्र, लाल पिकाने आवाज काढायला जोर लावावा लागतो आणि परत तेच दुखणं. सुटे नोट्स, लीड (म्हणजे एकेका तारेवर धून) वाजवणाऱ्यांना जांभळं. दोन्ही करत असाल तर हिरवं, माझ्या खिशात तेच असतं. डनलॉपच्याच जॅझ थ्री पिकाबद्दल खूप जण विचारतात, ते लहान आणि १.३८ मिमी जाड, फास्ट पिकिंगला मस्तच, पण स्ट्रमिंगला मी तरी देणार नाही, तारांत अडकतं.

पण नुसतं पिक बदलून भागत नाही. तर्जनी थोडी वाकवा, पिक तिच्या पहिल्या पेराच्या कडेवर ठेवा आणि वरून अंगठा टेकवा, दाबू नका. टोक तीन-चार मिलिमीटरच बाहेर. दुसऱ्या कोणी हलकेच ओढलं तर पिक निघून यायला हवं, नाही आलं तर पकड जास्त आहे. तारेला सपाट न लावता थोडं तिरकं लावा, म्हणजे ते तारेवरून घसरून जातं, आणि तारेत खोल घुसवू नका. स्ट्रमिंगला ओला हात झटकतो तशी हालचाल हवी, कोपराखालचा हात आणि मनगट फिरतं, खांदा वर चढत नाही. ड्रेडनॉटसारखी मोठी गिटार असेल तर तिच्या धारदार कडेवर हात दाबून ठेवायची सवय असते खूप जणांना, तिथे चामडी आणि नसा दबतात, बसून वाजवतानासुद्धा पट्टा लावा आणि गिटार जरा तिरकी करा, फरक पडतो.

बोटांना मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल किंवा रात्री झोपेतही दुखत असेल तर मात्र गिटार ठेवा बाजूला आणि सरळ डॉक्टरला दाखवा, ते काम पिकाचं नाही.

टोक झिजून गोल किंवा खरबरीत झालं की पिक फेकायचं, वरून बारीक तार गुंडाळलेल्या जाड तारांवर ते लवकर घासतं आणि झिजलेली कड अडकायला लागली की हात आपोआप जोर लावतो. बारा पिकांचं पाकीट मिळतं, पण आधी पिवळं, हिरवं, जांभळं असं सुटं एकेक घ्या, मुंबईत धोबी तलावला फुर्टाडोज या वाद्यांच्या दुकानात किंवा तुमच्या जवळच्या दुकानात जाऊन, शक्यतो स्वतःची गिटार सोबत नेऊन.