अर्ध्या तासात लाल होणारी 'शुद्ध' मेंदी

माझे केस मुळातच गडद तपकिरी. उन्हात जरा भुरकट दिसतात, घरात काळेच. चाळिशी उलटल्यावर कानांजवळ पांढरे दिसायला लागले. डाय लावायची भीती होती, म्हणून मेंदीनं थोडी लालसर छटा आली तर पांढरे त्यात झाकले जातील, एवढंच मनात होतं.

दिवाळीआधी कोल्हापुरात एका मंगल कार्यालयात प्रदर्शन आणि विक्री होती. पणत्या, ड्रेस मटेरियल, चटण्या-लोणची, आणि कोपऱ्यात हर्बल वस्तूंचा स्टॉल. स्टॉलवरच्या बाई म्हणाल्या, "ताई, सोजतची मेंदी आहे. त्यात बीट, जास्वंद आणि मंजिष्ठा. केमिकलचा कणसुद्धा नाही. रात्रभर भिजवायला नको, अर्ध्या तासात बरगंडी रंग येतो." त्यांनी पांढऱ्या केसांची एक बट कालवलेल्या मेंदीत बुडवली, दहा-पंधरा मिनिटांनी पुसून दाखवली. बट वाइनच्या रंगाची झाली होती. त्यांची स्वतःची वेणीही त्याच रंगाची. पाव किलोचं पाकीट ४८० रुपयांना. मी दोन घेतली.

सोजत हे गाव खरंच मेंदीचं आहे, राजस्थानच्या पाली जिल्ह्यात. २०२१ मध्ये तिथल्या मेंदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. ते नाव ऐकूनच माझा विश्वास बसला.

खरं तर शंका यायला हवी होती, कारण शुद्ध मेंदी मी लहानपणापासून पाहिलेली आहे. आई लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात मेंदी भिजवायची, कात घालायची, रात्रभर झाकून ठेवायची. सकाळी वरचा थर तपकिरी झालेला असायचा, आत शेवाळी हिरवा. घरभर वाळल्या पाल्याचा वास. डोक्यावर तीन-चार तास ठेवून धुतल्यावर आईचे पांढरे केस नारिंगी व्हायचे आणि काळे होते तसेच काळे राहायचे, फक्त उन्हात तांबूस झाक दिसायची. स्टॉलवरची पावडर साध्या पाण्यात कालवली तर दहा मिनिटांत काळपट जांभळी पडली. वास पाल्याचा नव्हता, नाकात झोंबणारा होता. वर उग्र अत्तर मारलेलं. हे सगळं मला त्या दिवशीही कळलं होतं, आणि तरी मी ती लावली.

पहिल्या वेळी काहीही झालं नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण फसवणूक इथेच लपते. रंग सुंदर आला, घरात नसलं तरी बाहेर पडलं की केस लाल दिसायचे. दिवाळीत जो तो विचारत होता. मी हौसेनं त्या बाईंचा नंबर दिला, आणि माझ्या शब्दावर जाऊबाई, शेजारच्या काकू आणि ऑफिसातल्या तिघींनी पाकिटं मागवली.

दुसऱ्यांदा लावली ती फेब्रुवारीत, भाच्याच्या लग्नाच्या चार दिवस आधी. त्या रात्री कानांमागे खाज सुटली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कपाळ लाल होऊन तापलं. तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडेनात. पापण्या सुजून मिटल्या होत्या, डोक्याच्या कातडीतून पिवळसर पाणी झिरपत होतं आणि उशीला चिकटत होतं. हळदीला मी अंधाऱ्या खोलीत पडून होते. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाचं लग्न, आणि मी अक्षता टाकायलासुद्धा गेले नाही.

त्वचारोगतज्ज्ञांनी विचारलं, "केसांना काय लावलंत?" मी म्हटलं, मेंदी, शुद्ध. त्यांनी मान हलवली. स्टेरॉइडच्या गोळ्या, मलम आणि अडीच आठवडे गेल्यावर त्वचा निवळली. पुढे काही आठवड्यांनी त्यांनी पॅच टेस्ट केली. पाठीवर वेगवेगळे पदार्थ चिकटवून ४८ तास ठेवतात, मग काढून पुन्हा पुन्हा बघतात. एका चौकोनात त्वचा फोडांनी भरली. तो पदार्थ होता पॅराफिनिलिनडायमिन, म्हणजे पीपीडी. बाजारातल्या बहुतेक काळ्या-तपकिरी डायमध्ये असतो तोच.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. ही ॲलर्जी पहिल्या वेळी सहसा उठत नाही. त्या वेळी शरीर त्या पदार्थाला फक्त ओळखून ठेवतं. पुढच्या वेळी काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत ते उलटतं, आणि एकदा ओळख पटली की ती बहुधा जन्मभर जात नाही. म्हणून आता मला डाय कायमचा बंद. हातावर काढायची काळी मेंदीही नाही, कारण तिच्यातही हेच घातलेलं असतं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे: ज्या गोष्टीला मी मालाचा अस्सलपणा समजले, तीच भेसळीची खूण होती. मेंदीचा रंग केसावर वरून चढतो, मूळ रंग फिका करत नाही. गडद तपकिरी केसाला मेंदीनं ठळक लाल करता येतच नाही. त्यासाठी केसातलं मूळ रंगद्रव्य आधी उडवावं लागतं, आणि ते काम हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा ब्लीच करतं. पार्लरमध्ये 'ट्वेंटी व्हॉल्यूम' म्हणतात ते सहा टक्के पेरॉक्साइड. अशा पावडर-डायमध्ये ऑक्सिजन देणारा पदार्थ कोरडाच मिसळलेला असतो, पाणी लागलं की रंग तयार व्हायला लागतो. म्हणून तर कालवल्यावर ती पावडर काळवंडली. आणि दाखवायला पांढरी बट का? कारण पांढऱ्या केसावर कुठलाही रंग झटकन दिसतो. माझ्यासारख्या केसाची बट त्या बाईंनी घेतलीच नाही, आणि मीही मागितली नाही. डायच्या पाकिटांवर छापलेले 'अमोनिया नाही' हे शब्दही असेच फसवे आहेत. अमोनिया नसला म्हणजे पीपीडी नाही, असं मुळीच नाही.

नंतर पाकीट उलटसुलट करून पाहिलं. फुलांचं चित्र, 'शंभर टक्के नैसर्गिक', मोबाइल नंबर. बनवणाऱ्याचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच क्रमांक नाही, घटकांची यादी नाही. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांवर हे सगळं छापणं बंधनकारक आहे. पीपीडीसारखा डाय असेल तर आधी त्वचेवर चाचणी घ्या आणि भुवया-पापण्यांना लावू नका, नाहीतर दृष्टी जाऊ शकते, हा इशाराही छापावा लागतो. तो इशारा टाळण्यासाठीच ही 'मेंदी' असते, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाईंना फोन केला. "तुमची स्किनच सेन्सिटिव्ह असेल, ताई. बाकी कुणाची तक्रार नाही." दुसऱ्या फोनला नंबर ब्लॉक. प्रदर्शन भरवणारे म्हणाले, आम्ही फक्त जागेचं भाडं घेतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयातही गेले. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच, बिल आहे का? बिल नव्हतं. क्यूआरवर पैसे दिले होते, ते कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यात. तुम्ही असं काही घेतलंच असेल तर पाकीट फेकू नका, उरलेली पावडरही ठेवा आणि पैसे दिल्याची नोंद जपा. माझ्याकडचं दुसरं पाकीट बंद डब्यात आहे, त्याचा फोटो मी अर्जाला जोडलाय.

त्या पाचही जणींना मी स्वतः फोन केले. जाऊबाईंनी पाकीट त्याच दिवशी वापरातून काढलं. ऑफिसातल्या दोघींनीही. काकूंनी एकदा लावली होती, त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. पाचवी म्हणते, "मला तर दोनदा लावून काही झालं नाही, उगाच घाबरवू नकोस." तिच्या मुलीचं लग्न मे महिन्यात आहे. त्याआधी ती पुन्हा लावणार आहे. मी तिला दर आठवड्याला फोन करते.